दुआ संपेपर्यंत पॅडल

मी बोलतेय ती विसरवाडीच्या हमरस्त्यालगत, अनीसमिस्त्रींच्या गॅरेजमागच्या पत्र्याखालून. माझ्या बॉनेटवर अजून गुलाबाच्या माळा आहेत. तीन दिवसांत वाळून त्या तपकिरी झाल्यात, पण काढायला कुणाला सवड नाही. उद्या मला पुन्हा रस्त्यावर काढणार आहेत आणि मला भीती वाटतेय.

मोटारीला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. माणूस घाबरला की निदान हॉर्न तरी वाजवतो. माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्यालाच वाजवावा लागतो. पोटात काय बिघडलंय ते मला सगळं कळतं, आणि सांगायला तोंड नाही. अशा जिवाची भीती कशी असते ते ऐका.

मी जन्माने अमेरिकन. साठ वर्षांपूर्वी तिकडच्या एका कारखान्यात शर्यतीच्या हौसेने आम्हा बहिणींना घडवलं. होतो मोजून दोनशे. दोन दारं, लांब नाक, पिकल्या जांभळाचा रंग आणि नाकाखाली आठ सिलिंडरांचं इंजिन. साडेतीनशे घोड्यांचं बळ, असं माझ्या कागदावर लिहिलेलं होतं. मला पळवायचं कसं यावर त्या लोकांनी रात्रीचा दिवस केला. थांबवायचं काम मात्र एका नळीवर सोपवून मोकळे झाले. चारही चाकांच्या ब्रेकचं तेल त्या एकाच वाटेने जायचं. एक रबर गळलं, की चारही चाकं मोकळी. हातब्रेक आहे, पण तो नावापुरता. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं आयुष्य या एका नळीला लटकलेलं आहे.

तापीवर धरण बांधायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता, त्याच्याबरोबर मी बोटीने इकडे आले. इथे आल्यावर कळलं, की मी सगळीच उलटी. या देशात रस्त्याची डावी बाजू धरून चालतात, आणि माझं स्टिअरिंगही डावीकडेच. ट्रकच्या मागे लागलं, की चालवणाऱ्याला ट्रकवर लिहिलेली शायरी तेवढी दिसते. समोरून काय येतंय ते दिसत नाही. ते बघायला उजवीकडच्या सीटवर कुणीतरी लागतं. त्याने ‘चला’ म्हटलं तर पुढे जायचं, ‘थांबा’ म्हटलं तर मागे राहायचं. म्हणजे एवढी बलदंड मी, आणि चालायचं दुसऱ्याच्या डोळ्याने.

साहेब मायदेशी गेला तेव्हा त्याने मला पुरुषोत्तमनगरच्या उमाकांतशेठना दिलं. शेठ साखर कारखान्याकडे ऊसवाहतुकीचे ठेकेदार. त्यांना माझा आवाज आवडायचा. कारखान्याच्या फाटकासमोर उगाचच ॲक्सिलरेटर दाबायचे, म्हणजे पाळीवरून सुटलेली माणसं वळून बघायची. बाहेरून मला रोज पुसून घेत, बॉनेट मात्र वर्षात एकदा उघडत. घोडा मिरवायचा आणि नाल बघायची नाही, त्यातली गत.

नाल बघायला विसरवाडीहून एक तरुण मेकॅनिक यायचा, तो हा अनीस. बावीस वर्षांचा, हाताने चलाख आणि डोक्याने जरा जास्तच. एकदा ब्रेकचं तेल कमी दिसलं. जवळ ब्रेक ऑइल नव्हतं. शेठ घाई करत होते. अनीसने जॅकमध्ये घालायच्या तेलाचा डबा उचलला.

“तेल ते तेल, त्यामा काय!” असं स्वतःशीच म्हणाला आणि ओतलं.

त्यात काय होतं ते मी आठ दिवस अंगावर भोगलं. जॅकचं तेल ब्रेकच्या रबराला लागलं, की रबर फुगतं. पहिल्यांदा ब्रेक कडक होतो, चालवणारा खूश होतो. मग ते फुगलेलं रबर मऊ पडतं आणि तेलाला वाट देतं. मी आतून फुगत होते, मऊ पडत होते, आणि शेठ लोकांना सांगत होते, अनीसने ब्रेक काय झकास करून दिलाय!

ऊसतोडीचे दिवस होते. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या पुलाकडे जाणारा उतार बैलगाड्यांनी भरला होता. शेठ चालवत होते, उजवीकडे अनीस. शेठनी पॅडल दाबलं, ते थेट खाली टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. माझं सगळं वजन उताराने पुढे ओढत होतं आणि मला ते आवरता येत नव्हतं. समोर उसाची गाडी, तिला पांढरा बैल. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, ही थांबेल.

मी थांबले ती त्याच्या पलीकडच्या निंबाला धडकून. अनीसचा डावा पाय पत्र्यात चिरडला होता, पण तो ओरडत नव्हता. ओरडत होता तो गाडीवान लोटन. बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

“मन्हा पाखऱ्या! मन्हा पाखऱ्या गया रे!”

शेठना खरचटलंसुद्धा नाही. त्यांनी लोटनला दुसरा बैल घेऊन दिला आणि माझं नाव टाकलं. “हाई गाडी पनवती शे,” सगळ्यांना सांगू लागले. अनीस दवाखान्यातून काठी टेकत आला तेव्हा म्हणाले, “तुले जोयजे ते लई जा. नहीते भंगारमा टाकी दे.”

अनीसने मान खाली घातली. ते तेल मी ओतलं, हे त्याने सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मला त्याचा राग आला. खून त्याच्या हातचा आणि पनवती मी! पण ट्रॅक्टरला बांधून मला विसरवाडीला आणलं, तेव्हा त्याने सगळ्यात आधी माझी चारही चाकं खोलली, जीपची रबरं घासून माझ्या मापाची केली आणि बसवता बसवता रडला. मग मी तरी किती दिवस रागावून राहू?

तेव्हापासून त्याची एक रीत पडली. मला बाहेर काढण्याआधी तो डावीकडे बसतो, ब्रेकचं पॅडल दाबून धरतो आणि सफरची दुआ म्हणतो. सावकाश, एकेक अक्षर. दुआ संपली की घरच्या सगळ्यांची नावं घेतो, आणि सगळ्यात शेवटी एक नाव, अगदी हळू: “पाखऱ्या.” तोवर पाय हलत नाही. एवढ्या वेळात पॅडल जागच्या जागी राहिलं तर निघायचं. जराही खाली गेलं, तर त्या दिवशी निघायचं नाही. बघणाऱ्यांना वाटतं, मिस्त्री मोठे धार्मिक. आहेतच. पण त्यांचा जीव त्या वेळी अर्धा वर असतो आणि अर्धा तळपायात.

अनीसचे अनीसमिस्त्री झाले. जाहेदाबी लग्न होऊन घरात आल्या, बऱ्याच वर्षांनी रिम्शा झाली. ही पोर सात वर्षांची असल्यापासून माझ्या उजव्या सीटवर. गुडघ्यांवर उभी राहून रस्ता बघायची. “जाऊ द्या, अब्बा!” “नही, नही, ट्रक शे!” त्या सीटवर बसून आजवर पुष्कळजण माझे डोळे झाले, पण इतके खात्रीचे डोळे कुणाचेच नव्हते. दुआही ती बापाबरोबर म्हणायची, नावांसकट. पाखऱ्या कोण, हे तिने एकदा विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, “व्हता एक.” तिला वाटलं, कुणी लांबचे आजोबा असतील.

या वर्षी रिम्शाचं लग्न ठरलं, ते नेमकं प्रकाशाला. नवरदेवाचं तिथे कापडाचं दुकान. मिस्त्रींनी एकच हट्ट धरला, की पोरीची पाठवणी माझ्यातून व्हायची. मी ऐकलं आणि बॅटरीपर्यंत गार पडले. पुन्हा तोच उतार. पुन्हा ऊसतोडीचे दिवस. आता बैलगाड्या कमी, पण दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर तसेच रांगेने उभे असतात.

त्यात मिस्त्रींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. तेव्हा चालवणार कोण, तर त्यांचा धाकटा भाऊ कलीम. कलीम सुरतेच्या रस्त्यावर टॅक्सी चालवतो. मनाने चांगला, पण कायम घोड्यावर बसलेला.

आणि मग ती बाटल्यांची गोष्ट झाली. मिस्त्रींच्या गॅरेजात तेलं पाण्याच्या जुन्या बाटल्यांत ठेवलेली असतात, गळ्याला चिंधी बांधून. हिरवी चिंधी ब्रेक ऑइलची, लाल चिंधी जॅकच्या तेलाची. चाळीस वर्षांत या रिवाजात कधी बदल नाही. पण लग्नघर म्हटलं की साफसफाई आली, आणि साफसफाईत गॅरेजही आलं. जाहेदाबींना त्या मळकट चिंध्या बघवेनात. त्यांनी त्या काढून चुलीत टाकल्या. रिम्शाच्या कपड्यांचे उरलेले तुकडे घेतले, एक हिरवा, एक लाल, दोन्हींना जरीच्या टिकल्या लावलेल्या. आणि आठवेल तसे बांधून टाकले.

त्यांना उलटं आठवलं.

मी बघत होते. अगदी समोर, दहा हातांवर. दुसऱ्या दिवशी कलीमने बॉनेट उघडलं, ब्रेकचं तेल बोटभर कमी दिसलं, आणि त्याने टिकल्यांची हिरवी चिंधी बघून बाटली उचलली. तेल आत पडलं तसं मी ते ओळखलं, जॅकचं. एकदा अंगावर काढलेलं दुखणं माणूस विसरत नाही, मीही विसरले नव्हते.

पुढचे आठ दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी कलीमने मला खांडबाऱ्यापर्यंत फिरवून आणलं.

“भाईजान, ब्रेक ते एकदम कडक व्हई गया!” तो खुशीत ओरडला.

डोळ्यांवर काळा चष्मा लावून खाटेवर पडलेले मिस्त्री हसले. मिस्त्री, कडक शब्द ऐका, मी मनात ओरडत होते, त्या वेळीही असाच कडक झाला होता! पण मांडवाची, पाहुण्यांची, बिर्याणीच्या देगांची गडबड. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की ब्रेक चांगला आहे.

सातव्या दिवशी माझ्या मागच्या चाकाखाली थेंब पडायला लागले. मला हायसं वाटलं. आता तरी कुणी वाकून बघेल. जाहेदाबींनी बघितलं.

“पाव्हनास्ना कपडा खराब व्हतीन,” म्हणाल्या आणि डागावर गोणपाट टाकलं. गोणपाटावर सतरंजी आली. सतरंजीवर मुलं येऊन खेळायला लागली. मी थेंब थेंब गाळत राहिले आणि ते कुणाला दिसेना.

निकाह झाला. दुपारचं जेवण झालं. मला गुलाबांनी मढवलं, आरशांना लाल रिबिनी बांधल्या. मागच्या अरुंद सीटवर रिम्शा आणि नवरदेव, पुढे उजवीकडे नवरदेवाची फुफी, म्हणजे आत्या. तिच्या मांडीवर मिठाईचा एवढा मोठा डबा, की तिला स्वतःचे गुडघेही दिसेनात, रस्ता कसला दिसतो! डावीकडे कलीम. वऱ्हाडाची बस मागे हॉर्न देत होती.

मिस्त्री फाटकाशी काठी टेकून उभे होते. जवळ आले नाहीत. जवळ आलो तर रडू फुटेल, म्हणून लांब राहिले. लांबूनच म्हणाले, “कलीम, दुआ पढीसनच निंघजो. घाई करू नको.”

“पढी लिधी, भाईजान!”

वाचली होती त्याने, खोटं बोलत नव्हता. ओठांतल्या ओठांत, किल्ली लावता लावता. पाय मात्र ॲक्सिलरेटरवर होता. ब्रेकचं पॅडल त्याने नुसतं एकदा टुकदिशी दाबलं. तेवढ्यापुरतं ते कडक लागलं. माझी आठही सिलिंडरं धडधडायला लागली, मांडव हादरला, मुलांनी टाळ्या पिटल्या. आणि माझ्या नजरेसमोर तो पांढरा बैल मान वळवून बघत होता. संपलं, असं वाटलं मला. जी पोर आजवर माझे डोळे झाली तिलाच मी त्या उतारावर नेऊन घालणार.

“चाचा,” मागून रिम्शाचा आवाज आला. रडून घोगरा झालेला. “पॅडल दाबीसन पढी का दुआ?”

कलीम हसला. “अवं पोरी, आते नवरी शेस तू, मेकॅनिक नही.”

“दाबीसन पढी का?”

“पढी ना. चाल, बस थांबेल शे.”

“मंग पाखऱ्यानं नाव लिधं का?”

कलीम गोंधळून मागे वळला. फुफी म्हणाली, हे काय चाललंय? रिम्शा नवरदेवाला काही तरी पुटपुटली. तो बापडा भांबावला, पण त्याने वाट दिली. कलीमला खाली उतरावं लागलं, पुढची सीट वाकवावी लागली, आणि जरीचा तो जड घोळ दोन्ही हातांनी उचलून नवरी बाहेर आली. आली ती डावीकडे बसली, स्टिअरिंगपाशी. इंजिन बंद केलं.

वऱ्हाड बसच्या खिडक्यांतून डोकावायला लागलं. “नवरी गाडी चालावस का!” बसमधून कुणीतरी बोललंच.

तिने नवी चप्पल काढली आणि मेंदीचा पाय पॅडलवर ठेवला. दाबून धरला. मग डोळे मिटून बापाच्या चालीने दुआ म्हणायला लागली, एकेक अक्षर.

आयुष्यभर मी एकच मागणं मागत आलेय, की ब्रेक टिकू दे. त्या क्षणी मी उलटं मागितलं. सूट, म्हटलं त्या रबराला. मघाशी कलीमला फसवलंस तसं हिला फसवू नको. आत्ता सूट, या अंगणात, सगळ्यांच्या देखत. पॅडल टिकलं तर ही उठेल, मागे जाऊन बसेल, आणि मग उतार. दुआ निम्मी झाली. पॅडल तसंच. दुआ संपली. पॅडल तसंच. ती नावं घ्यायला लागली. अम्मी. अब्बा. कलीमचाचा. नवऱ्याचं नाव तिने आज पहिल्यांदाच घेतलं, जरा अडखळून. मागच्या चाकातलं ते रबर फुगून पार लोण्यासारखं झालं होतं, आणि तरी चिकटून बसलं होतं मेलं! मी सोडलं की ते आपण होऊन सुटलं, मला खरंच सांगता येत नाही. पण ती “पाखऱ्या” म्हणाली आणि तिच्या तळव्याखालून पॅडल सरकायला लागलं. हळूहळू, पाण्यात पाय बुडावा तसं, आणि तळाला जाऊन टेकलं.

“अब्बा,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “पॅडल खाले जाई ऱ्हायनं.”

काठी पडल्याचा आवाज आला. मिस्त्री लंगडत धावले. माझ्या मागच्या चाकाशी बसले, सतरंजी ओढली, गोणपाट ओढलं. ओल्या बोटाचा वास घेतला. दोन बोटं एकमेकांवर घासली. मग गॅरेजात जाऊन ती जरीच्या चिंधीची बाटली घेऊन आले.

“हिरवी चिंधी व्हती, भाईजान,” कलीम बाटलीकडे बोट दाखवत म्हणाला. “मी दखीसनच टाकं.”

जाहेदाबींनी तोंडावर पदर घेतला. चिंधीकडे बघून त्यांना कळून चुकलं होतं.

“चिंधीनी चूक नही,” मिस्त्री म्हणाले. “कोनीच चूक नही. मन्ही चूक शे, बेचाळीस वरीसनी.” ते माझ्या दाराला धरून उभे राहिले. रिम्शा अजून पॅडलवर पाय ठेवूनच बसली होती.

“पाखऱ्या कोन, अब्बा?”

“बैल व्हता. लोटनभाऊना. प्रकाशाना उतारवर मेला.” त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. “असंच जॅकनं तेल मी टाकेल व्हतं. कोनले सांगं नही. सगळा म्हनेत गाडी पनवती शे, आनि मी आयकी लिधं. हिनी काहीच चूक नव्हती.”

बेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझं नाव धुऊन काढलं, तेही भरल्या वऱ्हाडासमोर. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी इतकी घाबरलेली होते, की आनंद कुठून आत यावा ते कळेना. रेडिएटरमधून उगाच थोडं पाणी सांडलं, एवढंच.

रिम्शा वऱ्हाडाच्या बसने सासरी गेली, फुफीच्या शेजारी, मिठाईचा डबा मांडीवर घेऊन. जाण्याआधी माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, “चौथीले हिलेच लईसन या, अब्बा. बसमा नही.”

उद्या चौथी. लग्नानंतर पोरीला पहिल्यांदा माहेरी आणायचा दिवस. परवापासून मिस्त्री आणि कलीम मला उघडून बसलेत. नळी रिकामी करून धुतली, चारही चाकांची रबरं नवी घातली. बाटल्यांच्या चिंध्या काढून टाकल्या. आता जाहेदाबींनी शाळेतल्या पोरीकडून मोठ्या अक्षरांत नावं लिहून चिकटवलीत, आणि रोज एकदा येऊन वाचून जातात. मिस्त्रींना चालवायला अजून बंदी आहे. म्हणून त्यांनी कलीमला सांगून ठेवलंय, “पॅडल मी दाबसू. मन्हं व्हयनं की तू बठजो.” उजवीकडे ते स्वतः बसणार आहेत, एका चांगल्या डोळ्याने रस्ता बघायला.

सगळं चोख झालंय, तरी मला भीती आहेच. उतार तोच, ट्रॉल्या त्याच, माझी नळी अजून एकच. साडेतीनशे घोड्यांवर भरवसा ठेवणारी माणसं मला पुष्कळ भेटली. तुमच्यापैकी कुणी कधी माझ्यासारखीच्या स्टिअरिंगपाशी बसलात, तर माझ्या रंगाचं कौतुक नका करू, आवाजाचं नका करू. पॅडलवर पाय ठेवा आणि तुमच्या माणसांची नावं घ्या, सावकाश. देव कुठलाही असो.

आज दुपारी मिस्त्रींनी मला आतून पुसलं. सीट, काचा, स्टिअरिंग, सगळं. पॅडलपाशी आले तेव्हा त्यांचा हात थांबला. रबराच्या खाचेत रिम्शाच्या कपड्यांवरची एक टिकली अडकून राहिलीय, जरीची, चमकणारी. ते बराच वेळ वाकून बघत होते. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि दार हळूच लावून घेतलं. पॅडल त्यांनी पुसलं नाही.